आबांना न्यायला दोघांनी यावं

एकदा एका डोंगराळ खोऱ्यात एक वृद्ध गृहस्थ राहत होते. लोक त्यांना आबा म्हणत. त्या खोऱ्यात दोन माणसांचं फाटलं, की ते सांधण्यासाठी बोलावणं आबांना जाई. बांध सरकला, पाण्याची पाळी चुकली, ठरलेली सोयरीक मोडली, अशा तंट्यांत त्यांचा शब्द कोर्टाच्या निकालापेक्षा जास्त टिकत असे. कोर्टातून एक जण जिंकून आणि दुसरा हरून घरी जातो. आबांच्या निवाड्यानंतर दोघं एका पंगतीला बसत.

या आबांकडे वाहन नव्हतं. दारिद्र्य हे त्याचं कारण नव्हतं. शेत बऱ्यापैकी होतं, मुलगा परगावी चांगल्या हुद्द्यावर होता आणि गाडी घेऊन देतो म्हणून दर दिवाळीला बापाच्या मागे लागत होता. आबा हसून विषय बदलत. आपल्याकडे गाडी नसलेल्या माणसाकडे लोक आधी कीव करून पाहतात, आणि त्याला ती परवडते हे कळलं की संशयानं पाहतात. चिक्कू असेल, विक्षिप्त असेल, नाहीतर डोळ्यांत काही दोष असेल. त्याला ती नकोच असेल, ही साधी शक्यता मात्र कुणाला सुचत नाही. मला स्वतःला अशा माणसांविषयी फार आदर वाटतो, आणि हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको.

तर वाहन नसल्यामुळे आबांची एक अट असे. तंट्यासाठी बोलावणं आलं, की ते निरोप पाठवत, ‘मला न्यायला दोघांनी यावं. एकाच गाडीतून.’ दोघं म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष. वाहन कुणाचं का असेना. बैलगाडी असली तरी चालेल, पण दोघांनी तिच्यात बसून यायचं. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस येतो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. म्हणून लोक थट्टेनं म्हणत, पोरीबाळींना एक मुऱ्हाळी पुरतो, आमच्या आबांना दोन लागतात. सगळे समजत, म्हाताऱ्याला मान हवा असतो. मानपानावरून भर मांडवात रुसून बसणारे व्याही आपण इतके पाहिलेले असतात, की कुणीही काही अट घातली की आपल्याला पहिल्यांदा मानपानच आठवतो.

आबांच्या शिष्याचाही हाच समज होता. तो शहरात कायदा शिकलेला तरुण. खटला जिंकायचा कसा हे त्याला पुस्तकांनी शिकवलं होतं. भांडण संपवायचं कसं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून तो आबांकडे येऊन राहिला होता. तो हुशार होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रेमळ होता. आबांचे गुडघे दुखत. बोलावणं आलं की ते फाट्यावर मैलाच्या दगडावर जाऊन बसत आणि दोन्ही पक्ष येईपर्यंत वाट पाहत. कधी ते लवकर येत, कधी आधी आपसात हुज्जत घालून उशिरा येत. उन्हात बसलेल्या गुरूंना पाहणं शिष्याला सोसत नसे.

अशातच गुळाचा एक व्यापारी आबांकडे आला. त्याचा आणि त्याच्या चुलतभावाचा पेढीवरून चाललेला जुना वाद आबांनी मिटवला होता. त्या उपकाराची फेड म्हणून त्यानं एक कोरी पांढरी गाडी आणली होती. पुढे झेंडूचा हार, आत प्लास्टिकचा कागदही न काढलेल्या बैठका. नारळ फोडून त्यानं किल्ली आबांच्या पायाशी ठेवली.

आबांनी ती उचलून परत त्याच्या हातात दिली. म्हणाले, माझं तिच्यावाचून काही अडत नाही, उलट तिच्यामुळेच अडेल. व्यापाऱ्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, तुम्हाला नको तर या तुमच्या शिष्याला घेऊ द्या, त्याचं वय आहे. आबा म्हणाले, “गाडी त्याची होणार असेल तर त्यानं ठरवावं.” शिष्यानं आबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि किल्ली घेतली.

पुढचे काही दिवस शिष्याचे मोठ्या गडबडीत गेले. गाडी सकाळी पुसावी लागे. चिंचेखाली लावली तर कावळे घाण करीत, उन्हात लावली तर रंग उडेल ही काळजी, आणि रस्त्याकडेला लावली तर उसाचे ट्रॅक्टर घासून जातील ही धास्ती. पूर्वी तो संध्याकाळी गावात पायी जात असे, तेव्हा दर चार घरांमागे कुणीतरी त्याला हाक मारून ओट्यावर बसवून घेई. आता तो गाडीतून जाई आणि लोक बाजूला होत. पूर्वी लोक त्याला हाक मारीत, आता तो लोकांना हॉर्न मारी, एवढाच काय तो फरक. तो त्याच्या लक्षात आला नाही, कारण काचा वर असत.

मग धोंडिराम आणि जालिंदर या भावांचं प्रकरण आलं.

त्यांच्या बापानं मुलांसाठी दोन घरं समोरासमोर बांधली होती आणि मधे एक ऐसपैस अंगण ठेवलं होतं. धाकट्या जालिंदरची जुनी जीप होती. बाजारच्या वाटेवर तो वडाप करी, म्हणजे मिळतील ती माणसं भरून भाड्यानं नेई. थोरल्या धोंडिरामनं नुकतीच नवी गाडी घेतली होती. आता त्या अंगणात जीप आडवी लागली की गाडी निघेना, आणि गाडीसाठी शेड घातली की जीप वळेना. पहिल्यांदा बायका बोलल्या, मग भाऊ बोलले, मग भाऊ बोलायचे थांबले. अखेर अंगणाच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. दगड येऊन पडले. गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

त्या अंगणात त्यांची आई बसे. कुरडया वाळत घाली, धान्य निवडी, आणि दोन्ही घरांतल्या नातवंडांवर एकाच जागेवरून ओरडे. दगड पडलेले पाहून तिनं आपलं गाठोडं बांधलं आणि शेजाऱ्यामार्फत आबांना निरोप धाडला. “भिंत झाली तर एका लेकाचं दार मला दिसायचं न्हाई. एकच दार बघत मरायचं असलं तर मी लेकीच्या दारात मरीन.”

आबांनी नेहमीची अट कळवली. उलट उत्तर आलं. धोंडिराम म्हणाला, मी माझी गाडी पाठवतो, पण त्याच्याशेजारी मी बसणार नाही. जालिंदर म्हणाला, मी जीप आणतो, पण ह्याला तिच्यात घेणार नाही. शिष्य आबांपुढे हात जोडून उभा राहिला. उद्या सकाळी भिंत उठेल, आपली गाडी दारात आहे, आज मानपान बाजूला ठेवा, असं त्यानं विनवलं. आबांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि उपरणं खांद्यावर टाकलं. “चल,” म्हणाले.

गाडीनं ते बघता बघता पोचले. धूळ लागली नाही, गुडघा दुखला नाही, वाटेत कुणाला थांबवावं लागलं नाही. अंगणात दोन भाऊ दगडांच्या राशीच्या दोन बाजूंना बसले होते. शिष्यानं बोलणं सुरू केलं, आणि न्यायानं सांगायचं तर त्यानं ते उत्तम केलं. अंगण मोजलं, जमिनीवर काडीनं आकृती काढली, जीप इथं आणि गाडी तिथं लावली तर दोन्ही कशा वळतील हे दाखवलं. त्याच्या योजनेत खोट काढता येत नव्हती. पण भाऊ तिच्याकडे पाहतच नव्हते. “ह्याला सांगा,” एक म्हणे. “त्याला इचारा,” दुसरा म्हणे. एकमेकांसमोर बसून दोघं शिष्यामार्फत बोलत होते.

एकदा मात्र धोंडिरामचा आवाज थोडा खाली आला. तो म्हणाला, “आमी ल्हान असताना हितंच, ह्या जागंवर...” आणि नेमकी त्याच वेळी शेजारची शेळी शिष्याच्या गाडीच्या बॉनेटवर चढली. शिष्य तिला हाकलायला उठला. बॉनेटवर ओरखडा उठलाय का हे त्यानं वाकून बोटानं तपासलं. परत येऊन बसला तोवर धोंडिरामचं तोंड मिटलं होतं. ते वाक्य पुढे काय होतं हे विचारायचं शिष्याला सुचलं नाही. मला हे सांगतानाही त्या शेळीचा राग येतो, पण तिचा तरी काय दोष.

दुपार कलली. शिष्य थकला. धोंडिराम उठून म्हणाला, आता जे व्हायचं ते भिंत झाल्यावर कोर्टात होईल. आई गाठोड्याशेजारी बसून होती.

एवढा वेळ आबा एक शब्द बोलले नव्हते. दोन्ही घरचा चहा तेवढा त्यांनी घेतला होता. आता ते उठले आणि शांतपणे म्हणाले, “निघतो मी. धोंडिराम, जालिंदर, मला घरी सोडायला चला.”

शिष्य गोंधळला. त्यानं किल्ली दाखवली. गाडी उभी आहे की, म्हणाला. आबा म्हणाले, गाडी तुझी आहे, तू तिच्यातून ये. मी यांचा पाहुणा आहे. म्हाताऱ्या पाहुण्याला दारातून पायी लावून द्यायचं असेल तर तसं सांगा, मी चालायला लागतो. आणि खरोखरच त्यांनी काठी उचलली.

आता आईनं पदर सावरून मुलांकडे पाहिलं. भांडण कितीही मोठं असो, आबांना दारातून पायी जाऊ दिलं ही गोष्ट खोऱ्यात कायमची सांगितली गेली असती. धोंडिराम आपल्या गाडीकडे वळला, पण नेमकी जीपच तिच्यापुढे आडवी होती. आबा तोवर जीपपर्यंत पोचलेही होते. पुढचं बाक एकसंध होतं. आबा म्हणाले, “मला कडंला बसू दे. गुडघा मुडपत न्हाई माझा.” जालिंदर स्टिअरिंगच्या चाकामागे बसला. उरली ती मधली जागा. धोंडिराम थोडा वेळ जीपबाहेर उभा राहिला आणि मग तिथं जाऊन बसला.

शिष्य आपल्या गाडीतून मागोमाग निघाला. जीपचा मागचा पडदा गुंडाळलेला होता, त्यामुळे तीन डोकी त्याला स्पष्ट दिसत होती. आधी मधलं डोकं पार आबांच्या बाजूला कललेलं होतं. खिंडीचा चढ लागला, जीपचं इंजिन कण्हू लागलं, मग एकाएकी तिनं वेग धरला. वळणं आली. वळणावर तिघंही एका बाजूला झुकत, दुसऱ्या वळणावर दुसऱ्या बाजूला. मग हात दिसू लागले. धोंडिराम हातवारे करून काहीतरी बोलत होता. जालिंदर चाकावरचा एक हात सोडून त्याला उत्तर देत होता. भांडत होते, पण आता एकमेकांशी भांडत होते. शिष्यानं ऐकू यावं म्हणून काच खाली केली, तर नुसती धूळ आत आली. ओढ्याजवळ जीप थांबली. आबा पाय मोकळे करायला उतरले, आणि शिष्यानं पाहिलं की ते खाली उतरून दूर गेले तरी धोंडिराम कडेच्या मोकळ्या जागेकडे सरकला नाही. तो मधेच बसून राहिला. जालिंदर शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

एवढं सगळं शिष्याच्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्यातला एक शब्द त्याच्या कानावर पडला नाही. त्या कोऱ्या, गार, बंद गाडीत त्याला फार एकटं वाटलं.

आबांना दारात सोडून भाऊ जीपमधून परत गेले. शिष्य आबांसमोर ओटीवर येऊन बसला. काय झालं, एवढंच त्यानं विचारलं.

आबा गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, “जीपच्या पुढच्या बाकावर मधे बसणाऱ्याचा गुडघा गिअरच्या दांड्याला लागतो. गिअर टाकायचा तर त्याला सांगावंच लागतं. जालिंदर चढापर्यंत एकाच गिअरवर जीप रेटत राहिला. चढाला ती मरायला टेकली, तेव्हा नाइलाजानं बोलला, ‘दादा, पाय घे जरा.’ दिवसभर त्याला ‘हा’ म्हणत होता. पण हातात चाक आणि पुढं चढ असला की माणूस विचार करून बोलत नाही, जुनी सवय बोलते. एकदा ‘दादा’ म्हटलं की पुढचं भांडण भावाशी होतं. ते मिटतं.”

शिष्यानं मान खाली घातली. आबांची अट मानासाठी नव्हती, हे आता त्याला कळत होतं.

आबा पुढे म्हणाले, “गाडी नसणं ही अडचण आहे असं लोक समजतात. आहेच. पण ती अडचण फार उपयोगाची आहे रे. मला कुणीतरी न्यावं लागतं, कुणीतरी आणावं लागतं. नेणारा माणूस वाटेत बोलतो. घरात जे बोलत नाही ते बोलतो, कारण दोघांची नजर रस्त्यावर असते. या खोऱ्यातलं मला जे काही कळलं ते दुसऱ्याच्या गाडीत बसून कळलं. आणि माझ्यासाठी वाट वाकडी करणारा माणूस त्या दिवसापुरता तरी स्वतःला चांगला समजतो. माझी गाडी असती तर त्याची ही संधी मीच हिरावून घेतली असती.”

“मग सकाळी मला थांबवलं का नाही?” शिष्यानं विचारलं.

“तू माझ्या गुडघ्यांसाठी गाडी काढलीस,” आबा म्हणाले. “त्याला नको म्हणायचं, तर मग मी शिकलो काय?”

शिष्यानं तेलाची वाटी आपल्याकडे ओढली आणि तो आबांच्या गुडघ्याला तेल चोळू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन गुळाच्या पेढीवर गेला आणि किल्ली परत दिली. व्यापारी दुखावला. तेव्हा शिष्यानं त्याला समजावलं, की देणगी परत करत नाही, तुमच्या दारात ठेवतो आहे. आबांना लांब कुठं जायचं झालं तर निरोप येईल. मात्र त्यांना न्यायला तुम्ही आणि तुमचे चुलतभाऊ, दोघांनी यायचं. व्यापाऱ्यानं किल्ली घेतली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून चुलतभावाला हाक मारली.

तिथून शिष्य पायीच निघाला, थेट भावांच्या वस्तीकडे. रस्ता तोच होता, पण आज तो फार लांब झाला, कारण वाटेत माणसं होती. एकानं थांबवून मुलीच्या सोयरिकीचं विचारलं. एका म्हातारीनं दोन पेरू हातात दिले. काल गाडीतून जाताना याच रस्त्यावर त्याला फक्त खड्डे दिसले होते.

अंगणात गवंडी आले होते आणि काम चालू होतं. शिष्य लगबगीनं पुढे झाला. जवळ जाऊन पाहतो तर भिंतीचे दगड अंगणाच्या बाहेरच्या कडेला, रस्त्याच्या बाजूनं रचले जात होते. भावांच्या आईनं गवंड्यांना लांबलचक ओटा घालायला लावला होता. आलेले दगड आणि आलेली माणसं परत कशाला पाठवायची, असं तिचं म्हणणं. जीप आणि गाडी दोन्ही रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली एकामागे एक उभ्या होत्या. अंगण रिकामं होतं. मधोमध म्हातारी सुपात तांदूळ घेऊन बसली होती, आणि तिच्या एका हाताला एका लेकाचं दार होतं, दुसऱ्या हाताला दुसऱ्याचं.

शिष्य तिच्याजवळ बसला. त्यानं धोंडिरामला विचारलं, काल तुम्ही काहीतरी सांगत होतात, लहान असताना इथंच, या जागेवर. पुढं काय? धोंडिराम लाजला. जालिंदरच हसून म्हणाला, “मी चालायला शिकलो हितं. दादाचं बोट धरून. काल जीपमधी ह्यानं त्येच सांगितलं मला.”

दोघांकडे जेवून शिष्य निघाला. ऊन चढलं होतं. धोंडिराम मागून म्हणाला, “एवढ्या उन्हाचं कशाला चालता? सोडू का तुम्हाला?”

नको, जातो मी चालत, असं शिष्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो थांबला. मग म्हणाला, “सोडा की. पण दोघं चला.”

जालिंदर जीपकडे गेला. शिष्यासाठी कडेची जागा सोडून धोंडिराम, कुणी न सांगता, मधे जाऊन बसला.

तुम्हालाही उद्या कुणी ‘सोडू का?’ असं विचारलं, तर ‘नको, माझी सोय आहे’ म्हणण्याआधी जरा थांबा.